ठाण्यातला मुद्देमाल आणि २६ इंची मोहरी: कन्नड 'बेल बॉटम'

आधी नावाचा घोळ मिटवू. 'बेल बॉटम' एवढंच टाकून शोधलं तर २०२१ चा हिंदी चित्रपट समोर येतो, अक्षय कुमारचा, विमान अपहरणाचा. त्याचाही काळ ऐंशीच्या दशकाचा, त्यातही पँटी रुंद, म्हणून पोस्टर बघून फसगत होते. आपण बोलतोय ते १५ फेब्रुवारी २०१९ ला आलेल्या कन्नड चित्रपटाबद्दल. दिग्दर्शक जयतीर्थ, कथा टी. के. दयानंद यांची, नायक रिषभ शेट्टी, नायिका हरिप्रिया, संगीत अजनीश लोकनाथ यांचं, कॅमेरा अरविंद कश्यप यांचा. शोधताना 'कन्नड' आणि '२०१९' जोडा, म्हणजे बरोबर सापडेल.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत कन्नड चित्रपट सहसा हिंदीनंतर आणि मराठीनंतर, उरलेल्या वेळात बघितला जातो. हा चित्रपट तसा बघू नये. रहस्य, विनोद आणि जुना काळ या तीन गोष्टी एकत्र आणायचा प्रयत्न पुष्कळांनी केलाय, खरं बहुतेक ठिकाणी जुना काळ म्हणजे नुसती सजावट होते: एक रेडिओ, एक लॅम्ब्रेटा, चार फुलाफुलांचे शर्ट. इथं काळ काढून घेतला तर गोष्टच उभी राहत नाही. आमच्या मते या चित्रपटाचं मोठेपण तेवढ्यात आहे आणि ते कसं, हे नीट सांगण्यासारखं आहे.

गोष्टीचा गाभा असा. दिवाकरला लहानपणापासून गुप्तहेर व्हायचंय. पोलीस खात्यातल्या बापाच्या आग्रहानं तो कॉन्स्टेबल होतो. आणि मग त्याच्यापुढं जे प्रकरण येतं ते असं: चोरांकडून हस्तगत करून पोलीस ठाण्यांत ठेवलेला ऐवजच चोरीला जातोय. एका ठाण्यातून नव्हे, ठिकठिकाणच्या ठाण्यांतून. यापुढचं काही सांगणार नाही. ज्यांनी बघितलाय त्यांनीही सांगू नये.

ही कल्पना किती पक्की आहे ते कळायला ठाण्यातला मुद्देमाल म्हणजे काय हे माहीत हवं. माल जप्त झाला की पंचनामा होतो, पंचांच्या सह्या होतात, माल कापडात बांधून लाखेचं सील मारतात, वर गुन्हा नंबर आणि तारखेची चिठ्ठी लावतात आणि मुद्देमालाच्या रजिस्टरात चढवतात. कर्नाटकात त्या नोंदीला पी. एफ. (प्रॉपर्टी फॉर्म) नंबर म्हणतात. बेळगावच्या कोर्टाच्या आवारात हा शब्द मराठी पक्षकारही सर्रास वापरतात. चित्रपटाच्या काळात जप्तीचा अधिकार १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली यायचा, आणि माल मालकाच्या हातात परत पडायचा तर कलम ४५१ किंवा ४५७ खाली कोर्टाचा हुकूम लागायचा. १ जुलै २०२४ पासून संहिता बदलली, कलमांचे आकडे बदलले, पण वाट तीच राहिली.

याचा अर्थ असा की घरातून गेलेली बोरमाळ सापडली तरी ती लगेच घरी येत नाही. ती गाठोड्यात, सीलखाली, ठाण्याच्या खोलीत पडून राहते. तिथून ती पुन्हा गेली की त्याच घराची दुसऱ्यांदा चोरी होते. शिवाय पहिल्या चोरीत संशय गावावर असतो, दुसरीत तो थेट ठाण्यावर येतो. रजिस्टरात नोंद आहे, सीलवर सही आहे आणि गाठोडं नाही, म्हणजे पहिली चौकशी सही करणाऱ्याची. त्यामुळं ज्या ठाण्यातून माल गेला तेच ओरडायला घाबरतं. विनोदाचा उगम इथं आहे. कुणी तोंड वेडंवाकडं करतंय म्हणून हसू येत नाही. तक्रार घेणाऱ्यावरच तक्रारदार व्हायची पाळी आली, या अडचणीतून ते येतं. हसणं आणि रहस्य एकाच खुंट्याला बांधलेलं आहे, म्हणून एकासाठी दुसरं थांबत नाही.

आता काळाचं बघू. हाच प्रकार आज घडला तर पहिल्या तासात कॅमेऱ्याचं चित्रण काढतील, दुसऱ्या तासात मोबाइल टॉवरची यादी मागवतील आणि चित्रपट अर्ध्या तासात संपेल. ऐंशीच्या दशकात एका जिल्ह्यातल्या ठाण्याला दुसऱ्या जिल्ह्यात काय झालं ते कळायला पत्र, वायरलेस किंवा ट्रंककॉल. ट्रंककॉलमध्येही साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार, लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे. बोटांचे ठसे भिंगाखाली, कार्डावरचं कार्ड ताडून बघायचे. समोर संशयित असेल तर त्याचा खरा उपयोग, नाहीतर थोडाच. त्यातून ठाण्याच्या दाराला दिवसभर अनेकांचे हात लागतात, तिथं कुणाचा ठसा कुणाला चिकटवणार? अशा वेळी वेगवेगळ्या ठाण्यांतल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून बघणारा एक चिकट माणूस यंत्रापेक्षा मोलाचा ठरतो. दिवाकरच्या गुप्तहेरगिरीला वजन येतं ते यामुळं. तो अतिमानवी हुशार नाही, तो सोडत नाही एवढंच.

बघताना एक गंमत जरूर करा. कुलूपबंद खोलीतून वस्तू गेली तर वाटा मोजक्याच असतात. एक, खरी किल्ली वापरली, म्हणजे किल्ली ज्याच्याकडं त्याचा हात किंवा त्याचं दुर्लक्ष. दोन, साबणावर किंवा मेणावर छाप घेऊन दुसरी किल्ली केली. मग किल्ली काही मिनिटं तरी दुसऱ्याच्या हाती गेली असली पाहिजे. तीन, कुलपाला हात न लावता कडी-कोयंडाच सोडवला. जुन्या लाकडी चौकटीत कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर सात लिव्हरचं कुलूपही शोभेचं राहतं. चार, दार सोडून छप्पर. मंगलोरी कौलांच्या इमारतीत ही वाट पहिली तपासतात, कारण कौल उचलून परत बसवता येतं आणि खालून काही कळत नाही. पाचवी वाट म्हणजे माल खोलीत गेलाच नव्हता किंवा चोर आधीपासूनच आत होता. कागदावर पाच रकाने आखा आणि मध्यंतरापर्यंत एकेक खोडत जा. जे उरेल त्यावर घरात पैज लावा.

चित्रपट प्रेक्षकाशी लबाडी करतो का, हा रहस्यपटाचा खरा कस. उत्तराचे धागे आधी डोळ्यांसमोर आलेले असावेत आणि तरी लक्षात आलेले नसावेत. 'बेल बॉटम' दुसऱ्यांदा बघितल्यावर आमचं समाधान झालं. पहिल्या वेळी विनोद म्हणून सोडून दिलेल्या काही गोष्टी दुसऱ्या वेळी वेगळ्या दिसतात.

कपड्यांकडं यायलाच हवं, कारण नावच त्यावरून. जुन्या काळाच्या चित्रपटांत सगळ्यात जास्त चूक पँटीत होते. बाजारातली बूटकट जीन्स आणतात, ती कंबरेत खाली बसते, कापडात लायक्रा असतो, मांडीला चिकटते आणि खाली जेमतेम २० इंच सुटते. ती बेलबॉटम नव्हे. दिवाकरची पँट कंबरेत वर, गुडघ्याशी आवळलेली आणि खाली मोकळी. कॉलर लांब, केस कानावर, कल्ले खाली उतरलेले. आणि शहरात सत्तरच्या दशकात आलेली फॅशन लहान गावात ऐंशीतही टिकून होती, ते इथं बरोबर पकडलंय.

हा चित्रपट बघून कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा नाटकाला अशी पँट शिवायची असेल तर बेळगावच्या खडेबाजारातल्या किंवा शहापुरातल्या कुठल्याही जुन्या शिंप्याला पुढचं माप द्या, तो लगेच ओळखेल. कंबर ३२ आणि सीट ३८ असेल तर मांडी २३, गुडघा १८ ते १९, मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, २४ पासून २६. कापड ५८ इंच पन्ह्याचं सव्वा मीटरऐवजी दीड मीटर घ्या, मोहरीला लागतं. कापड टेरीकॉट किंवा टेरीवूल. सुती घेतलं तर घेर उभा राहत नाही, पायाला गुंडाळतो. गुडघा १८ आणि मोहरी २६ म्हणजे ८ इंचांचा फरक. तो चार जागी वाटायचा: पुढच्या पाटीला इस्त्रीच्या घडीच्या दोन्ही बाजूंना २-२ इंच आणि मागच्या पाटीलाही तसंच. नवीन कारागीर घाईत सगळा घेर बाहेरच्या शिवणीला देतात. मग चालताना पाय बाहेर फेकल्यासारखा दिसतो आणि घडी पिळवटते. घेर गुडघ्याच्या रेषेच्या दोन इंच वरून सोडला तर माणूस उंच दिसतो, खाली सोडला तर पायात घागर अडकल्यासारखं दिसतं.

उंची बूट घालूनच मोजा. टाच दोन इंची असेल तर मागची मोहरी पुढच्यापेक्षा अर्धा इंच लांब, जमिनीपासून अर्धा इंच वर. दुमडीत दोन इंचांची बकरमची पट्टी घाला, घेर गोल राहतो. आणि टाचेकडच्या आतल्या बाजूला जुन्या चेनची पट्टी शिवून घ्या. त्या काळी लोक हे हौसेनं करायचे, पण मूळ कारण साधं होतं: घासून घासून मोहरी विरायची, चेन लावली की कापड वाचायचं. शर्टाच्या कॉलरचं टोक चार इंच ठेवा, आतलं कॅनव्हास कडक घ्या. नाहीतर टोकं दोन धुण्यांत वर वळतात.

अभिनयाबद्दल थोडक्यात. रिषभ शेट्टी यांचा मुख्य नायक म्हणून हा पहिला चित्रपट, तोवर त्यांचं नाव दिग्दर्शक म्हणून जास्त होतं. पुढं २०२२ च्या 'कांतारा'त त्यांना बघून आलेल्यांना इथला माणूस ओळखू येणार नाही, इतका तो मऊ आणि उत्साही आहे. तिथलं संगीत आणि कॅमेराही अजनीश लोकनाथ आणि अरविंद कश्यप यांचाच होता, हे लक्षात ठेवून बघितलं तर एकाच माणसांचे दोन टोकांचे हात दिसतात. रिषभ यांनीच दिग्दर्शित केलेला २०१८ चा, केरळातल्या कासरगोडच्या कन्नड शाळेचा चित्रपट सीमाभागातल्या मराठी माणसानं वेगळ्या मनानं बघावा. भाषा उलटी आहे, दुखणं आपल्याला ओळखीचं आहे. हरिप्रियाची कुसुमा दारू गाळून विकणारी. तिच्या वाट्याला नुसतं लाजणं दिलेलं नाही, यासाठी लेखकाचे आभार. बापाच्या भूमिकेत अच्युत कुमार नेहमीसारखे भक्कम. योगराज भट हे स्वतः नावाजलेले दिग्दर्शक, इथं नट म्हणून येतात आणि त्यांच्या प्रसंगांत सगळ्यांचं लक्ष त्यांच्याकडं जातं.

आता भाषा. बेळगावकडची कन्नड आणि या चित्रपटातली कन्नड यांत फरक आहे. 'करतोय' म्हणायला आपल्या कानाला 'माडाकत्तीनि' सवयीचं, तिकडं 'माड्तिद्दीनि'. पहिली दहा मिनिटं कान बसायला लागतात, मग अडत नाही. ज्यांना कन्नड अजिबात येत नाही त्यांनी काही शब्द आधी समजून घेतले तर उपशीर्षकांवरचा भार हलका होईल. 'पत्तेदार' म्हणजे गुप्तहेर. मराठी कानाला त्यात 'पत्ता' ऐकू येतो आणि पत्ता लावणारा तो पत्तेदार, असा अर्थ मनात पक्का बसतो. 'कळ्ळ' म्हणजे चोर. 'कळ्ळभट्टी' म्हणजे आपली हातभट्टी, भट्टी दोन्हीकडं तीच. 'पेदे' म्हणजे साधा शिपाई. 'बीग' म्हणजे कुलूप आणि 'कीलीकै' म्हणजे किल्ली. 'ठाणे' आणि 'साक्षी' तर आहेत तसेच. एवढं असलं की ठाण्यातले प्रसंग बरेचसे कानावरच कळतात. डबिंग मिळालं तरी मूळ आवाजच लावा. अर्धा विनोद बोलण्याच्या चालीत आहे, आणि ती चाल दुसऱ्या भाषेत ओठांच्या मापानं कापली जाते.

या सगळ्यामागं एक वाचनाची परंपरा आहे. कन्नडमध्ये एन. नरसिंहय्या यांचा पत्तेदार पुरुषोत्तम, आपल्याकडं बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड आणि धनंजय-छोटू, नंतर गुरुनाथ नाईक. पातळ कागद, भडक मुखपृष्ठ, भाड्यानं एका दिवसासाठी आणलेलं पुस्तक. ती पुस्तकं उशीखाली लपवणारा मुलगा तुंगभद्रेच्या अलीकडचा असो की पलीकडचा, त्याचं स्वप्न एकच. पडद्यावर त्या स्वप्नाला कन्नडमध्ये चेहरा दिला तो कन्नड नट डॉ. राजकुमार यांनी. दोरै-भगवान या दिग्दर्शक जोडीच्या १९६८ च्या 'जेडर बले'त ते सी.आय.डी. ९९९ नावाचे हेर झाले, त्याच वर्षी 'गोवा दल्ली सी.आय.डी. ९९९' आला, १९६९ मध्ये 'ऑपरेशन जॅकपॉट नल्ली सी.आय.डी. ९९९' आणि १९७८ मध्ये 'ऑपरेशन डायमंड रॅकेट'. चोर्ला घाट उतरला की गोवा, म्हणून त्यातला दुसरा बेळगावकरांना जास्त जवळचा. या चारांतले एक-दोन तरी आधी बघितले तर 'बेल बॉटम'चं पार्श्वसंगीत आणि दिवाकरची ऐट कुठून आली ते कळतं. नाही बघितले तरी काही अडत नाही, पण अर्धी मजा हुकते.

खटकलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. पहिला भाग सैल आहे. दिवाकर मुख्य प्रकरणाला हात घालेपर्यंत वेळ जातो, आणि गाणं आलं की तपास थांबतो. प्रेमाची गोष्ट वाईट नाही, तिची जागा वाईट आहे. दोन-तीन ठिकाणी एखादं कडवं कमी असतं तर चाललं असतं. माणसं फार आहेत आणि त्यांची नावं भराभर येतात. उपशीर्षकं वाचणाऱ्याला कोण कोणत्या ठाण्याचा हे लक्षात राहत नाही. शेवटी उलगडा होताना माहिती एकदम अंगावर येते, आणि नेमकी तिथंच उपशीर्षकं वेगानं पळतात. तिथं थांबवून, दहा सेकंद मागं नेऊन बघायला लाजू नका.

घरात बघायचा तर एवढं पुरे. मंडळात किंवा वाचनालयाच्या हॉलमध्ये लावायचा असेल तर आधी हक्कधारकाची परवानगी, मग बाकीचं. आठ फूट रुंदीच्या पडद्याला अंधाऱ्या हॉलमध्ये ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर भागतो, खिडकीतून उजेड येत असेल तर नाही. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट वर घ्या. उपशीर्षकं तळाला असतात आणि पुढच्या रांगेतली डोकी नेमकी तीच झाकतात. खेड्यातल्या कार्यक्रमांत सगळ्यात जास्त तक्रार याचीच येते. फरशी आणि पत्र्याच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, म्हणून स्पीकर छताला टांगू नका, बसलेल्या माणसाच्या कानाच्या थोडं वर ठेवा आणि बास कमी करा. मागं सतरंज्या किंवा जाड पडदे टांगले तर संवाद साफ येतात. लांबी दोन तासांच्या वर आहे, मध्यंतर धरून अडीच तास हाताशी ठेवा. उपशीर्षकांची फाइल वेगळी असेल तर ती आदल्या दिवशी पूर्ण चालवून बघा. दोन सेकंद मागंपुढं असली तरी विनोद आधी फुटतो आणि हसू नंतर येतं.

आणि पाच रकान्यांचा तो कागद फेकू नका. काही दिवसांनी दुसऱ्यांदा बघताना पुढ्यात ठेवा आणि पहिल्या वेळी जो रकाना तुम्ही सगळ्यात आधी खोडला होता, त्याच्यावर लक्ष ठेवा.